वीस हजारांत मारामारी: सांगलीतल्या विद्यार्थ्यांसाठी अ‍ॅक्शन शॉर्ट फिल्मची तयारी आणि शूटिंग

ठोसा कुठून येणार, कॅमेरा कुठे असणार आणि मार खाणारा मान कधी फिरवणार, हे बरेच विद्यार्थी शूटिंगच्या दिवशी कॅमेरा लावल्यावर ठरवतात. फिल्म तिथेच फसते. दिवस वाया जातो, कुणाचं तरी नाक फुटतं आणि एडिटला बसल्यावर कळतं की अर्ध्या ठोशांत मूठ आणि गाल यांच्यातलं अंतर स्पष्ट दिसतंय. अ‍ॅक्शन तयार होते ती आधीच्या महिनाभरात, रिकाम्या हॉलमध्ये. शूटिंगच्या दिवशी ती फक्त टिपायची असते. हे एकदा मान्य केलं की कमी पैशातही चांगलं काम होतं, कारण सरावाला भाडं लागत नाही.

गोष्ट केवढी असावी

पाच-सहा मिनिटांची फिल्म, पाच पानांची पटकथा, एक पाठलाग आणि एक मारामारी. पहिल्या फिल्मसाठी एवढं भरपूर आहे. मारामारी ६० ते ७५ सेकंदांच्या पुढे नेऊ नका. एवढ्या वेळात तीस ते चाळीस कट सहज होतात आणि नवख्या टीमला दिवसभरात पंधरा ते वीस सेटअप (कॅमेरा आणि लाइटची एकेक मांडणी) जेमतेम जमतात. एका सेटअपमधून दोन-तीन कट निघतात असं धरलं तर मारामारीलाच एक पूर्ण दिवस जातो. तीन मारामाऱ्या लिहिल्या तर तिन्ही कच्च्या राहतील.

मारामारीत दोघांना एकच वस्तू हवी असेल तर लिहिणं आणि बसवणं दोन्ही सोपं होतं. समजा, वडिलोपार्जित रानाचे कागद असलेली कापडी पिशवी. एक चुलतभाऊ ती घेऊन पळतो, दुसरा मागे लागतो. आता प्रत्येक हालचालीला कारण मिळालं: पिशवी ओढणं, लपवणं, ती हातात असल्यामुळे एकाच हाताने लढावं लागणं. मारामारीचे तीन तुकडे करा. पहिल्यात पिशवी एकाकडे, दुसऱ्यात दुसऱ्याकडे, तिसऱ्यात ती फाटते आणि कागद पसरतात. अशी वळणं नसतील तर प्रेक्षकाला फक्त हातपाय हललेले दिसतात आणि विसाव्या सेकंदाला तो मोबाइलकडे बघायला लागतो.

जागा

सांगलीच्या आसपास फुकटात किंवा ओळखीने मिळणाऱ्या जागा इतक्या आहेत की सेट उभारायचा विचारही करू नये. मात्र प्रत्येक जागेची एक खोड असते, ती आधी समजून घ्यावी.

उसाचं रान पाठलागाला उत्तम. वाढलेला ऊस माणसाच्या डोक्याच्या बराच वर जातो, त्यामुळे चार सऱ्यांतही पळणारा हरवल्यासारखा दिसतो आणि पानांची सळसळ आयती मिळते. पण पात्याच्या कडा त्वचा कापतात. पूर्ण बाह्या, लांब पँट आणि बूट हाच नटांचा वेश ठेवा, कथेलाही तो शोभतो. आत उजेड लवकर मावळतो, म्हणून दुपारी चारच्या आत आतले शॉट उरका. उसात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. शिराळा-वाळवा पट्ट्यात तर उसात बिबट्यांचा वावर असतो. मालकाला सोबत घ्या, आधी काठीने सरी वाजवत एक फेरी मारा आणि अंधारात आत जाऊ नका. तोडणीनंतरचं रान मोकळं मिळतं, पण तिथे वाळकं पाचट असतं. ते क्षणात पेटतं. धूर, फटाके, सिगारेट, काहीही नको. तोडलेल्या उसाचे बुडखे टोकदार असतात, त्यामुळे पडण्याचे शॉट तिथे घेऊच नका.

तासगाव आणि कवठेमहांकाळकडची बेदाण्याची शेड हंगाम सोडून रिकामी असतात. हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मालक सहसा नाही म्हणत नाही. जाळीच्या थरांमधून कॅमेरा लावला की फ्रेम आपोआप भरते. एक लक्षात ठेवा, हिरव्या शेडनेटखाली चेहरे हिरवट दिसतात. पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची कॅमेऱ्याची सेटिंग) तिथेच सेट करा आणि लॉक करा. नंतर कलर करताना हा हिरवा रंग त्वचेवरून काढणं फार जिकिरीचं जातं.

मारामारीसाठी कुपवाड एमआयडीसीतलं किंवा मार्केट यार्डाजवळचं रिकामं गोदाम रविवारी मागा. वरच्या पारदर्शक पत्र्यांमधून सकाळी तिरका उजेड येतो आणि धुळीत त्याचे पट्टे दिसतात. हा देखावा विकत घ्यायचा म्हटलं तर हजारो रुपये लागतील. आदल्या आठवड्यात त्याच वेळी जाऊन उजेड किती वाजता कुठे पडतो त्याचे फोटो काढा. जमिनीवरचे खिळे, पट्टीचे तुकडे आणि तुटक्या फरशा झाडून काढायला एक तास धरा.

काही जागा दिसायला भारी, पण टाळाव्यात. कृष्णेच्या घाटावर उभं राहून १९२९ सालचा आयर्विन पूल पार्श्वभूमीला घेता येतो, हिवाळ्यातल्या सकाळी धुकंही मिळतं. पाण्यात मात्र कुणालाही उतरवू नका. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत आणि हल्लेही झालेले आहेत. हरिपूरकडची हळदीची जुनी पेवं (जमिनीखालची साठवणीची कोठारं) कॅमेऱ्याला मोहात पाडतात, पण बंद पेवाच्या तळाशी प्राणवायू कमी असतो आणि उतरलेला माणूस आवाज न करता बेशुद्ध पडतो. तोंडाशी उभं राहून खाली बघण्याचा शॉट घ्या, तोही दोघांनी कमरेला धरून. आतला शॉट काळ्या कापडाने झाकलेल्या खोलीत करा. मिरज जंक्शनचे रूळ, दंडोबाचं वनक्षेत्र आणि सागरेश्वर अभयारण्य तर विनापरवाना नकोच.

परवानगीचे कागद

खासगी जागेसाठी मालकाची सही असलेलं एक पान पुरे: तारीख, वेळ, माणसांची संख्या, काय करणार, नुकसान झालं तर भरून देणार. रस्ता, घाट किंवा बाग असेल तर महानगरपालिकेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांची किंवा विभागप्रमुखांची सही असेल तर पुढचं काम निम्मं होतं. अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्या आणि पोचेवर शिक्का घ्या.

पोलीस ठाण्याला लेखी कळवणं अ‍ॅक्शन फिल्मसाठी सगळ्यांत महत्त्वाचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला कोयता खोटा आहे हे कळत नाही, तो ११२ ला फोन करतो. सण आणि निवडणुकांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात शस्त्रबंदी आणि जमावबंदीचे आदेश लागू असतात, त्या तारखा ठाण्यात विचारून घ्या. पत्रात प्रत्येक खोट्या शस्त्राचं वर्णन आणि फोटो जोडा. शूटिंग शक्यतो चार भिंतींच्या आत ठेवा, खोटी शस्त्रं पिशवीतून ने-आण करा आणि बाहेरच्या बाजूला 'शूटिंग चालू आहे' असा मोठ्या अक्षरांचा फलक लावा. शेजारच्या दहा घरांना आदल्या दिवशी सांगून यायला अर्धा तास लागतो. तो वेळ काढाच.

टीममध्ये १८ वर्षांखालचं कुणी असेल तर पालकांची लेखी संमती हवी, आणि त्यांना मारामारीच्या शॉटमध्ये घेऊ नये. ड्रोन टाळलेला बरा. वापरायचाच असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहा. तिथेही ४०० फुटांची मर्यादा आहे.

माणसं आणि पैसे

दोन नट धरून दहाजण पुरतात: दिग्दर्शक, सहदिग्दर्शक, कॅमेरा, कॅमेऱ्याचा मदतनीस, फाईट मास्टर, आवाज, कंटिन्युइटी (एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ सांभाळणारा) आणि सेफ्टी. जेवण, प्रवास आणि कागदपत्रं सहदिग्दर्शकाने बघावीत. सेफ्टीवाल्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. त्याने 'थांबा' म्हटलं की दिग्दर्शकासकट सगळे थांबणार, हे पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर ठरवा.

फाईट मास्टर बाहेरून आणायची गरज नाही. सांगली-साताऱ्याच्या मातीत कुस्ती आहे. कवठेपिरानच्या मारुती माने यांच्यासारखा हिंदकेसरी या जिल्ह्याने दिला, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणलं. जवळच्या तालमीत वस्तादांना भेटा, नारळ-पेढे घेऊन जा आणि दोन गोष्टी शिकवायला विनवा: पडायचं कसं आणि समोरच्याला न दुखवता उचलायचं कसं. आखाड्याच्या लाल मातीत पडण्याचा सराव करायला मिळाला तर त्याहून चांगली गादी नाही. काठी किंवा दांडपट्टा हवा असेल तर मर्दानी खेळ शिकवणारे वस्ताद शोधा.

वीस हजार रुपये असतील तर वाटणी साधारण अशी करा. दोन दिवसांचं खाणं-पिणं ६,०००, लाइट आणि माइकचं भाडं ४,०००, प्रवास ३,०००, कपडे-शस्त्रं-रक्त २,५००, गाद्या, पॅड आणि प्रथमोपचार २,०००, राखीव २,५००. खाण्याला सगळ्यांत जास्त का, असं कुणीतरी विचारेलच. दिवसभर पडून-उठून काम करणारी मुलं उपाशी असली की दुपारी तीननंतर त्यांचा नेम चुकतो, आणि दुखापती त्याच वेळी होतात. सकाळी पोहे, दुपारी पोटभर भाकरी-भाजी, मधे भडंग, केळी आणि लिंबूपाणी. दुपारचं जेवण तेलकट नको. राखीव रकमेला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लावू नका. कॅमेरा म्हणून कुणाचा तरी चांगला मोबाइल घ्या आणि वाचलेले पैसे आवाजावर घाला.

फाईट बसवणं

याला चार आठवडे द्या, आठवड्यातून तीन संध्याकाळ, प्रत्येकी दीड तास. पहिल्या आठवड्यात ठोसे नाहीतच. फक्त पडणं. मागे पडताना हनुवटी छातीला, गुडघे वाकवून आधी खाली बसायचं, मग कुल्ल्याची कड, मग पाठीची कड, आणि पसरलेल्या हाताच्या तळव्याने जमिनीवर आडवी थाप मारायची. हात मागे टेकवला की मनगट मोडतं, कोपर टेकवलं की खांदा निखळतो. ही सवय अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाऊ नका. खाली एकावर एक दोन गाद्या, नंतर एक, शेवटी जाड सतरंजी. उभ्या उंचीच्या वरून कुणालाही पाडायचं नाही. जिना, कठडा, टेरेस, चालती गाडी हे सगळं या बजेटमध्ये बाद समजा.

दुसऱ्या आठवड्यात एकेक हालचाल. मारणाऱ्याची मूठ आणि खाणाऱ्याचा चेहरा यांच्यात सुरुवातीला हातभर अंतर ठेवा. सराव झाल्यावर ते एक वीत करा, त्याखाली कधीच नाही. मूठ चेहऱ्याकडे जात नाही, चेहऱ्याच्या पुढून आडवी निघून जाते. कॅमेऱ्याला आडवा, वळणदार ठोसा सगळ्यांत खरा वाटतो. सरळ ठोसा मात्र कॅमेरा बरोबर खाणाऱ्याच्या डोक्यामागे असेल तरच फसवतो.

वेळ खाणारा ठरवतो. तो डोळ्यांनी खूण करतो, मगच हात निघतो. मूठ चेहऱ्यासमोरून जाते त्याच क्षणी मान ठोशाच्या दिशेने फिरली पाहिजे. मान जरा उशिरा फिरली तर एडिटमध्ये सांभाळता येतं. आधीच फिरली तर तो टेक गेला. मान वळल्यावर खांदा, मग कंबर, मग पाय, अशी लाट खाली उतरली की फटका जड वाटतो. नवखे नट फक्त मान हलवतात आणि पाय जमिनीला खिळलेले राहतात, म्हणून मारामारी हलकी दिसते. ठोसा विकतो तो खाणारा. दोन नटांपैकी ज्याची प्रतिक्रिया चांगली, त्याला जास्त मार खायला लावा.

गचांडी धरण्याचा शॉट असेल तर धरणारा फक्त कापड पकडतो, आणि ज्याची धरली तो दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडून स्वतःच स्वतःला ओढतो, ढकलतो. केस ओढण्याचंही तसंच: ओढणाऱ्याची मूठ डोक्यावर टेकलेली, केस मुठीत नाहीतच, आणि तो हात खाणाऱ्याने स्वतःच घट्ट दाबून धरलेला. जोर कायम खाणाऱ्याच्या ताब्यात राहतो. पोटातली लाथ कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागे ठेवून घ्या. पाऊल पोटाच्या अलीकडे थांबतं आणि समोरचा श्वास सोडत दुमडतो. गळा आवळणं टाळा. अभिनय करता करता खरा दाब कधी आला हे दोघांनाही कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात हालचाली तीन-चारच्या गुच्छांत जोडा. पूर्ण मारामारीत अठरा ते चोवीस हालचाली पुरतात. प्रत्येकीला नंबर द्या आणि मोठ्याने मोजत करा. आधी पाव वेगाने, मग निम्म्या, मग पाऊण. शूटिंगही पाऊण वेगानेच होणार. पूर्ण वेगात नेम राहत नाही आणि कॅमेऱ्याला हालचाल वाचताही येत नाही. वेग एडिटमध्ये येतो.

चौथ्या आठवड्यात सगळ्यांत कामाची गोष्ट: संपूर्ण मारामारी मोबाइलवर, घरच्या कपड्यांत, शॉट पाडून शूट करा आणि कच्ची एडिट करा. तोंडाने काढलेले 'ढिश्श' आवाज लावा. जे शॉट वापरले गेले तीच तुमची शॉट लिस्ट. जे वापरले गेले नाहीत ते शूटिंगच्या दिवशी घ्यायचेच नाहीत. या एका संध्याकाळच्या कामाने दिवसातले दोन-तीन तास वाचतात. हा टप्पा गाळून पुढे गेलात तर बाकीची तयारी निम्मी फुकट जाईल.

कॅमेरा

ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप घ्या आणि लेन्स, शटर, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं लॉक करा. मोबाइलच्या मूळ अ‍ॅपमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं टिपली जातात) आपोआप बदलत राहतो, त्यामुळे एडिटमध्ये आवाज सरकतो. तशी क्लिप आलीच तर आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. फ्रेम रेट २५, शटर १/५० किंवा १/१००. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या दोन शटरवर ट्यूबलाइट आणि एलईडी सहसा लुकलुकत नाहीत. मारामारीला १/१०० बरं, फटके धारदार दिसतात. बाहेर कडक उन्हात मोबाइलचं अ‍ॅपर्चर बदलत नाही, म्हणून क्लिपवाला एनडी ३२ फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी गडद काच) लागेल. नाहीतर शटर १/१००० च्या पुढे जातं आणि हालचाल तुटक वाटते. स्लो मोशन ५० फ्रेमवर, तेही सगळ्या फिल्ममध्ये दोनदाच.

अंतर लपवायचं असेल तर कॅमेरा, मारणारा आणि खाणारा एका रेषेत ठेवा आणि खरी टेलिफोटो लेन्स वापरा. मागे सरकून झूम केलं की पुढचं-मागचं चिकटून दिसतं आणि वीतभर मोकळी जागा गायब होते. डिजिटल झूम नको. मंद उजेडात काही फोन टेलिफोटोऐवजी गुपचूप मुख्य लेन्स लावतात, अ‍ॅपमध्ये लेन्स लॉक करायची ती यासाठीच. दोघांना बाजूने, काटकोनात दाखवलं की अंतर उघडं पडतं. तो कोन फक्त ढकलाढकलीला ठेवा.

दोघांच्या मधून एक काल्पनिक रेषा ओढा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. गोदामाच्या जमिनीवर खडूने खरोखरच आखा. बाजू बदलायचीच असेल तर नट चालत जागा बदलतात असा एक शॉट घ्या, म्हणजे प्रेक्षक गोंधळत नाही.

प्रत्येक गुच्छ एक हालचाल आधीपासून सुरू करा आणि एक नंतर संपवा. कट नेहमी हालचालीच्या मधोमध बसतो, त्यासाठी दोन्ही बाजूंना मालमसाला लागतो. दर गुच्छाला एक रुंद, दोन जवळचे आणि एखादा तपशील पुरे: सरकणारा बूट, फाटणारी पिशवी, घट्ट होणारी मूठ. या तपशिलांना नट दमलेले असले तरी चालतं, म्हणून ते संध्याकाळी घ्या. कॅमेरा हातात धरून हलवायचा असेल तर फटक्याच्या क्षणीच हलका झटका द्या. सतत हलवला तर दोष झाकले जातील, पण कोण कुणाला मारतंय हेही कळणार नाही. फार जोरात पॅन केलं तर मोबाइलमध्ये उभे खांब तिरके पडतात.

पाठलागात पळणाऱ्याला सत्तर टक्के वेगानेच पळवा. वेग दिसतो तो कॅमेरा खाली ठेवल्यामुळे आणि पुढून झपाझप जाणाऱ्या वस्तूंमुळे. उसाची पानं, जाळी, खांब लेन्सच्या अगदी जवळ ठेवा. गोदामातली सपाट हातगाडी गुळगुळीत कोब्यावर डॉलीचं (कॅमेरा सरकवणाऱ्या गाडीचं) काम करते. चाकांत तेल घाला, टायरची हवा थोडी कमी करा. उलटं चालत शूट करणाऱ्याच्या पट्ट्याला मागून एकाने धरायचंच. मोटारसायकल पळवू नका. ती मधल्या स्टँडवर उभी करा, दोघांनी हलवा, चेहरा आणि हँडल जवळून घ्या आणि बाजूने लाइट फिरवा. रात्रीच्या शॉटमध्ये हे कळतसुद्धा नाही.

लाइटचं काम थोडक्यात. थर्माकोलचे दोन मोठे पत्रे, एक पांढरी चादर आणि दोन एलईडी फ्लड. फ्लड भाड्याने घेण्याआधी दुकानातच मोबाइल १/१०० वर ठेवून लुकलुकतो का ते तपासा. मुख्य उजेड नटांच्या मागून किंवा बाजूने द्या. समोरून दिला की सगळं सपाट दिसतं आणि अंतरही उघडं पडतं.

रक्त, शस्त्रं, धूळ

रक्तासाठी एक वाटी साखरेचा घट्ट पाक गार करा, त्यात लाल खाद्यरंग चमचाभर आणि गडदपणासाठी काकवी चमचाभर. फार गुलाबी वाटलं तर चिमूटभर कोको. तोंडातल्या रक्ताला हेच चालतं. कपड्यावरच्या रक्तात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका, डाग निघायला मदत होते, पण ती बाटली वेगळी ठेवा आणि चिठ्ठी चिकटवा. मुंग्या येतात, म्हणून झाकण घट्ट हवं. रक्त लागणाऱ्या शर्टाच्या किमान दोन एकसारख्या जोड्या घ्या. एक डागाळला की मागचा शॉट पुन्हा घेता येत नाही.

शस्त्र खरं कधीच नाही, बोथट केलेलंही नाही. दहा मिलिमीटरच्या ईव्हीए फोमवर कोयत्याचा आकार कापा, कडा सँडपेपरने घासा, आधी काळा मग चंदेरी अ‍ॅक्रिलिक रंग द्या. काठीसाठी पातळ पाइपवर फोमचं आवरण आणि कापडी टेप. खरी काचेची बाटली फोडायचा विचार सोडा. प्लास्टिकची बाटली फ्रेमच्या बाहेर पडू द्या आणि फुटण्याचा आवाज नंतर लावा.

हवेत धूळ हवी असेल तर मुलतानी माती चाळून वापरा. सिनेमाच्या सेटवर जगभर हीच माती उडवतात. कपड्यांच्या खांद्यांवर थोडी भरून ठेवली की फटक्यासरशी ढग उठतो. नाका-डोळ्यांपासून लांब ठेवा, टीमने मास्क लावा, दमा असलेल्याला त्या वेळी बाहेर पाठवा. हळद किंवा पीठ उडवू नका. हळद डोळ्यांत झोंबते आणि बारीक पीठ ठिणगीने पेट घेतं.

शूटिंगचे दोन दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळीसच्या आसपास असतो आणि पत्र्याच्या गोदामात तर त्याहून वाईट. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेडाचे अकराच तास. पहिला दिवस मारामारीचा, सगळे ताजे असताना. पाठलाग आणि संवाद दुसऱ्या दिवशी. संवाद आधी घेतले तर मारामारीच्या दिवशी वेळ अपुरा पडतो आणि घाई होते.

सकाळी साडेसहाला जमा, वीस मिनिटं अंग मोकळं करणं, मग पूर्ण मारामारी पाव वेगाने दोनदा, पहिला शॉट साडेआठला. पडण्याचे शॉट दुपारच्या जेवणाआधी संपले पाहिजेत. प्रत्येक टेकआधी सेफ्टीवाला जमीन बघतो, नट एकमेकांना हालचालींचे नंबर सांगतात, मगच 'रोल'. एका पडण्याचे तीनच टेक. चौथा लागला तर कोन बदला, नटाला पुन्हा पाडू नका. कपड्यांच्या आत गुडघ्याला आणि कोपराला व्हॉलीबॉलचे पॅड असू द्या. कंटिन्युइटीवाल्याने प्रत्येक शॉटनंतर दोन्ही नटांचे फोटो काढायचे: घाम, माती, रक्त, कुठलं बटण उघडं, पिशवी कुठल्या हातात.

पेटीत बर्फ, क्रेप बँडेज, बीटाडीन, सलाइनची बाटली, निर्जंतुक गॉझ आणि ओआरएस. एक गाडी आणि चालक कायम मोकळे ठेवा. सिव्हिल किंवा मिरजेतलं जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते कॉलशीटवर (त्या दिवसाच्या वेळापत्रकाच्या कागदावर) छापा, १०८ नंबरसकट. डोक्याला मार लागला तर तो नट त्या दिवशी पुन्हा कॅमेऱ्यासमोर येत नाही, तो कितीही म्हणाला तरी. उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ दिसला तर लगेच हॉस्पिटल. मान दुखत असेल तर त्याला हलवू नका, १०८ ला फोन करा.

फोर-के शूट करत असाल तर तासाला साधारण ४५ जीबी जागा लागते. जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी, दोन्ही उघडून बघितल्याशिवाय फोनवरून काहीही पुसू नका.

आवाज आणि एडिट

मारामारीत अंगावरचा माइक कापडाला घासून निकामी होतो. त्या वेळचा आवाज फक्त मार्गदर्शनासाठी ठेवा. निघण्याआधी त्याच जागेत सगळ्यांना गप्प करून एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा, आणि नटांकडून धापा, कण्हणं, ओरडणं वेगळं घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास.

फटक्याचे आवाज घरी, पंखा बंद करून, रात्री अकरानंतर. गव्हाच्या पोत्यावर ओला टॉवेल गुंडाळून मारलेली बुक्की अंगावरचा फटका देते. उसाचं कांडं किंवा शेवग्याची शेंग माइकजवळ मोडली की हाड मोडल्याचा आवाज येतो. बारीक बांबूची कामटी हवेत फिरवली की ठोशाची सूं. एका फटक्याला तीन थर लावा: हवेतली सूं, कापडाची चटक आणि खालचा जड धप्प. सूं फटक्याच्या दोन-तीन फ्रेम आधी सुरू झाली पाहिजे. सगळे फटके एकाच जोराचे नकोत. शेवटचा सर्वांत जड ठेवा आणि त्याच्या आधी अर्धा सेकंद पार्श्वसंगीत बंद करा.

एडिटला दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. लॅपटॉप अडखळत असेल तर आधी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, बनवा. २५ च्या रेटला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. मूठ चेहऱ्याशी पोहोचते तिथल्या दोन फ्रेम काढून पाहा, फटका बसल्यासारखा वाटेल. तीनच्या वर काढल्या तर उडी दिसते. क्लिपचा वेग १०८ ते ११२ टक्के ठेवा, ११५ नंतर माणसं बाहुल्यांसारखी हलतात. प्रतिक्रिया घाईने कापू नका. फटक्यानंतरचा चेहरा अर्धा सेकंद तरी राहू द्या, नाहीतर वेदना पोचत नाही आणि मारामारी कितीही वेगवान असली तरी कोरडी राहते.

संगीत मोफत परवान्याचं किंवा कॉलेजातल्या वादक मित्राने बनवलेलं. परवान्याशिवाय चालू गाणं लावलं तर महोत्सव फिल्म नाकारू शकतात आणि यूट्यूब आवाज बंद करू शकतं. परवान्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, प्रवेशअर्ज भरताना मागतात.

एक्स्पोर्ट १०८० रिझोल्यूशनला, २५ फ्रेम, एच.२६४, वीस एमबीपीएस. इंग्रजी सबटायटल वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये ठेवा. पाठवण्याआधी एकदा मोबाइलच्या स्पीकरवर आणि एकदा कॉलेजच्या हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर ऐका. हेडफोनमध्ये दमदार वाटलेला धप्प मोबाइलवर ऐकूच येत नाही, तिथे मधल्या पट्टीतला चटक आवाज दोन-तीन डेसिबल वाढवून पुन्हा एक्स्पोर्ट करा.